धवल्यांचा अर्थ पाठवत नाही

चिरनेर, ता. उरण
कोजागिरीचा आदला दिवस

प्रिय सुमे,

तुझं पत्र पोचलं. हाताने लिहून, फोटो काढून फोनवर पाठवलंस, तरी मी त्याला पत्रच म्हणणार. अक्षर अजून तसंच आहे, ‘र’चं शेपूट खालच्या ओळीत घुसणारं. तुझ्या लेकीचं, रेवाचं लग्न ठरलं हे वाचून इतका आनंद झाला की शेजारी जाऊन सांगून आले. आता तिकडे ऑकलंडला तुझ्या घरी हॉल, केटरर आणि फुलांचे भाव याशिवाय दुसरं बोलणं नसेल. हॉल चार तासांचा, त्यात हळद, लग्न, जेवण, नाच, आणि या सगळ्यातून दहा मिनिटं काढून तुला धवले, आपली लग्नातली गाणी, हवेत. इथवर सगळं मान्य. पण पुढे लिहितेस, “मावशीच्या धवल्यांचा अर्थ एका पानात लिहून दे. इंग्रजीत करून पाहुण्यांच्या खुर्च्यांवर ठेवते.” तिथे माझी गाडी अडली.

अर्थ सांगते, ऐक. मांडव घाला. उंबराची डहाळी आणा. देवांना बोलवा. हळद दळा. तेल आणा, नवरीला लावा. मामाला बोलवा, आत्याला बोलवा. संपला. पान सोड, अर्ध्या पानातही जागा उरेल. आणि ऑकलंडचे पाहुणे ते वाचून म्हणतील, अरे वा, सामानाची यादीसुद्धा गाता येते वाटतं तुमच्यात!

तुला आठवतंय ना, मावशी गायला बसायची ती रात्र? तिला घाई नसायचीच. तेल आणा म्हणून ती कधी मोकळी झाली नाही. तेल कुठून आलं, कोणी आणलं, आणणाऱ्याचा बाप कोण, त्याची आई कोण, हे सगळं येणार. तीच ओळ, तीच चाल, फक्त नाव बदललेलं. पुन्हा तीच ओळ, पुढचं नाव. आपण पोरी पेंगायचो आणि आपल्या आईचं नाव आलं की खाडकन जाग्या व्हायचो. कोणाचं नाव राहिलं तर त्या घराचा रुसवा पुढच्या लग्नापर्यंत पुरायचा. म्हणजे लग्न दोघांचं नाही, सगळ्या गोतावळ्याचं आहे, ही गोष्ट त्या गाण्यात कुठेच शब्दांत सांगितलेली नाही. ती त्या पुन्हापुन्हा येण्यात आहे. तू पुनरावृत्ती काढून अर्थ मागतेस. ती काढली की मागे फक्त तेल उरतं.

दुसरं म्हणजे धवला लग्नाचं वर्णन करत नाही, लग्न लावतो. तेलाची ओळ आल्याशिवाय तेलाला हात लागत नाही. आपल्या आगऱ्यांत धवलारीण, धवले गाणारी बाई, लग्न लावत आलीय ती याच बळावर. तिचं गाणं पुढे जाईल तसा विधी पुढे जातो. परवा तुझं म्हणणं मी मावशीच्या कानावर घातलं. ती आता भिंतीला टेकून गाते, आवाज पार खाली उतरलाय, पण ओळ सुटत नाही. म्हणाली, “बाय, धवला तोरायचा नाय. तोरला त लगीन अर्धा रेल.” यापुढे मी काय बोलणार?

आणि ही मावशीची एकटीची जिद्द नाही. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती महदंबा धवलेच गात होती, तेराव्या शतकात, तिकडे वऱ्हाडात रिद्धपूरला. महानुभावांच्या गोविंदप्रभूंनी लग्नाचा हट्ट धरला, थाट मांडला आणि तिला गायला सांगितलं. तिने रुक्मिणीचं लग्न गायलं. तिला दुसरं काही रचता आलं नसतं असं नाही. पण देवाशी असलेलं नातं सांगायला तिने बायकांच्या तोंडचं, हळदीच्या वासाचं गाणं घेतलं, आणि घेतल्याबरोबर देव मांडवात आला. त्या काळातल्या पंडिताने हीच कथा संस्कृत श्लोकांत सांगितली असती तर रुक्मिणी आणि कृष्ण दोघंही देव्हाऱ्यातच राहिले असते. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्या २०२४ च्या ऑक्टोबरात इकडे फटाके फुटले, शाळाशाळांतून भाषणं झाली. एकाही भाषणात महदंबेच्या मांडवाचा उल्लेख माझ्या कानांवर आला नाही. असो, ती माझी नेहमीची कुरकुर.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याकडे येते. सहज टाकलंयस, पण मला झोंबलं. “नाही तरी आपले जुने कवी सगळे एकच सांगतात, देव खरा आणि संसार खोटा.” सुमे, शाळेत तू मराठीच्या तासाला खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका बघत बसायचीस, त्याचं हे फळ. सगळे एकच सांगतात हे घटकाभर मान्य करू. मग एकच पुस्तक घेऊ, गीता, आणि आपल्या तीन माणसांनी तिचं काय केलं ते बघू.

ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवाशाला सातशे श्लोकांच्या सुमारे नऊ हजार ओव्या केल्या. का वाढल्या एवढ्या? एक दाखला दिला की त्यांचं समाधान होत नाही. दुसरा देतात, तिसरा देतात, आणि सगळे स्वयंपाकघरातले, शेतातले, गाईवासरांचे. समोरच्या पंक्तीतल्या एकाला एक दाखला पटतो, दुसऱ्याला दुसरा, कोणी उपाशी उठू नये ही काळजी. शिवाय त्या ग्रंथात श्रोते बसलेले आहेत! त्यांची विनवणी होते, त्यांचं कौतुक होतं, बोलणं फार लांबलं की निवृत्तिनाथ विषयावर या म्हणून सांगतात. ज्ञान ही बसून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत करायची गोष्ट आहे, हे त्या ओव्यांच्या बैठकीतूनच कळतं.

टिळकांची बैठक निराळी. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिलेलं ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये छापून आलं. तेही गीतेवरच, तेही मराठीत. पण वाचताना समोर न्यायाधीश बसलेत असं वाटतं. आधी विरुद्ध पक्ष नीट मांडायचा, मग एकेक मुद्दा खोडायचा, मग आपला सिद्धांत. शिक्षा भोगणारा वकील कोठडीत बसून पुन्हा एक खटला चालवतोय, आणि या खेपेला निकाल त्याच्या हातात आहे. कर्म करा, हा तो निकाल. हे ओव्यांत सांगितलं असतं तर गोड लागलं असतं आणि अंगावर घेतलं नसतं कोणी.

आणि तिसरे आपल्या जिल्ह्यातले. पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती, संस्कृत येत नव्हतं, आणि मराठीतल्या गीता अवघड वाटायच्या. मग तूच का करत नाहीस, असं ती मुलाला म्हणाली. ती १९१८ मध्ये गेली. मुलाने काम हातात घेतलं ते ७ ऑक्टोबर १९३० ला आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला संपवलं. ज्ञानेश्वरांसारखा विस्तार नाही. श्लोकाला श्लोक, तेवढ्याच मापात. शब्द असे निवडलेले की जोडाक्षराला जीभ अडखळू नये. दाखले नाहीत, वाद नाहीत. दिवसभर काम केलेल्या बाईला संध्याकाळी पाठ म्हणता यावं एवढाच बेत. त्या साधेपणाला काही लोक रूक्ष म्हणतात. मला तो हट्ट वाटतो. बाई गेल्यावर बारा वर्षांनी तिच्या जिभेचं माप घेऊन काव्य करायचं, हा हट्ट नाही तर काय?

आता बोल, तिघांनी एकच सांगितलं?

वर्गात मी हे वेगळेपण मुलांना सह्यांवरून शिकवायचे. अभंगाच्या शेवटी कवी आपलं नाव घालतो, ती त्याची सही. मुलांना सह्या फार आवडायच्या, आणि त्यातून कवी कोण हे मला सांगावं लागत नसे. तुकोबा स्वतःला नुसतं ‘तुका’ म्हणतात. आडनाव नाही, गाव नाही, मोठेपणाचं ‘राम’ही गाळलेलं. हाकेचं नाव, जे आईने किंवा घेणेकऱ्याने मारावं. त्या नावाने माणूस विठ्ठलाशी भांडतो तेव्हा ते भांडण उंबऱ्यावरचं वाटतं. एकनाथ आपल्या नावाला गुरू जनार्दनांचं नाव जोडल्याशिवाय सही करत नाहीत. जनाबाई आपण नामदेवांची दासी असल्याचं सहीतच सांगते. दासी म्हणवून घेणारी तीच बाई विठ्ठलाला जात्यावर बसवते, शेण्या वेचायला लावते. वरच्या ओळींत मालकीण आणि सहीत दासी! आणि सोयराबाई, चोखोबांची बायको. पुष्कळदा तिच्या सहीत तिचं नावच नसतं. चोखोबांची महारी, एवढंच. जात आहे, नवरा आहे, सोयरा नाही. हे शिकवताना वर्ग गप्प व्हायचा. अस्पृश्यतेवरचा धडा मी वेगळा घ्यायचे, पण त्याचा इतका परिणाम कधी झाला नाही.

जात्यावरच्या ओव्यांत मात्र सहीच नाही. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, पण ओवीत आपली सही गाणारी सहसा घालत नाही. भावाचं नाव येतं, लेकाचं येतं, गाणारीचं येत नाही. आपल्या मावशीचंही तसंच. सगळ्या गावाची नावं धवल्यात, तिचं कुठेच नाही.

मोरोपंतांचं मात्र तुला सांगायलाच हवं, कारण तू हसशील. बारामतीचे हे पंत आर्या रचण्यात इतके तयार की एकशे आठ रामायणं लिहिली, प्रत्येकात काहीतरी नवी कसरत. त्यांतलं एक निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ लागेल असं अक्षर वापरायचं नाही. म्हणजे प नाही, ब नाही, म नाही. आता मला सांग, ‘म’ नाही तर राम कुठून येणार? रामाचं नाव न घेता रामायण! पूर्वी मी याला रिकाम्या वेळाचे उद्योग म्हणायचे. आताही फारसं मत बदललेलं नाही, कारण तिथे कौशल्याकडेच लक्ष जातं आणि वनवास राहून जातो. पण ज्या माणसाला एकच कथा एकशे आठ वेळा सांगावीशी वाटते त्याला त्या कथेचा कंटाळा आलेला नसतो, हेही खरं.

उलट एकनाथ. पैठणचे ब्राह्मण, १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करणारे विद्वान. हाच माणूस भारुडात विंचू चावल्यावर बोंबलतो, आंधळा होतो, मुका होतो, आणि महाराच्या तोंडचा जोहार आपल्या तोंडात घेतो. सगळी माणसं सारखी, असं प्रवचन त्यांना देता आलं असतं, माना डोलल्या असत्या. त्याऐवजी ते स्वतः जाऊन दुसऱ्याच्या जागी उभे राहिले, आणि बघणाऱ्यांना आधी हसवलं. हसून झाल्यावर काय ऐकलं ते लक्षात येतं. तरी सोंग ते सोंगच. सत्तरच्या दशकात नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, तेव्हा त्या जागेवरचा माणूस स्वतः बोलायला लागल्यावर भाषा किती उकळते ते दिसलं. नाथांच्या जोहारात वाकणं आहे, ढसाळांकडे ते शोधून सापडणार नाही.

हे सगळं मला आत्ता इतकं सुचतंय त्याला दुसरंही कारण आहे. नुकताच हुतात्मा दिन झाला. २५ सप्टेंबर. दर वर्षीसारखी मंडळी आली, पोलिसांनी मानवंदना दिली. ज्यांच्या गोळ्यांनी माणसं गेली त्यांच्याच खात्याने सलामी द्यायची, यातली गंमत आता कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. शाळेतल्या नव्या बाईंनी मला गाठलं. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर पोवाडा बसवायचाय, लिहून द्या. मी हो म्हटलं, कागद घेतला, आणि अडले.

पोवाड्याला काय लागतं? आधी नमन, मग नायक, मग त्याचा वैरी, मग दोघांची गाठ, डफावर थाप. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला तेव्हा हे सगळं समोर हजर होतं. आपल्याकडे काय होतं? १९३० सालचा सप्टेंबर, मिठाचा सत्याग्रह होऊन गेलेला, पावसाळ्यात जंगलचा कायदा मोडायचा ठरलेला. ज्या रानातून पिढ्यानपिढ्या मोळी आणली त्याच रानात लाकूड तोडणं गुन्हा, म्हणून अक्कादेवीच्या डोंगरावर लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन गेले. एक नाही, शेकडो. आगरी, कोळी, कातकरी, न्हावी. चिरनेरचे, जुईचे, दिघोड्याचे, कोप्रोलीचे, खोपट्याचे. गोळीबार झाला. आठ जण गेले. आणि समोरच्या बाजूचे मामलेदार केशव जोशी, तेही त्याच गोळीबारात गेले. महागणपतीच्या देवळाचा गज अजून दाखवतात, गोळी लागलेला.

यात नायक कोण? पोवाड्याच्या घाटाने एक निवडायला भाग पाडलं, आणि बाहेरच्या माणसाला चिरनेर म्हटलं की बहुधा एकच नाव आठवतं, नाग्या महादू कातकरी. यात एक मोठी गोष्ट झाली हे मी नाकारत नाही. ज्या जागी सरदार आणि किल्लेदार बसायचे तिथे एक कातकरी पोर बसला. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांचा पोवाडा लिहिला तो मुद्दाम कुणबी, माळी, महार, मांगांच्या कानांसाठी. त्यांनी ऐकणारे बदलले, इथे नायकच बदलला. पण उरलेले सात? ते ‘आणि इतर’ झाले. पोवाड्याला गर्दी गाता येत नाही असंही नाही. अण्णा भाऊ साठ्यांनी महायुद्धाच्या दिवसांत स्टालिनग्राडचा पोवाडा केला, त्यात अख्खं लढणारं शहर नायक आहे. माझ्यात तेवढा दम नाही. शिवाय शहराला नायक केलं तरी वैरी वैरीच राहतो, आणि मला जोशी मामलेदारांना कुठल्या कडव्यात घालायचं ते कळत नव्हतं.

मला खरा हवा होता तो म्हाइंभटाचा घाट. महानुभावांचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर हा माणूस ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांच्याकडे जाऊन विचारत बसला. काय झालं, काय म्हणाले, कुठे उभे होते. त्यातून ‘लीळाचरित्र’ झालं, तेराव्या शतकाच्या शेवटी. वाक्यं एवढीएवढीशी. उपमा नाही, अलंकार नाही. स्वामींच्या शब्दांना आपली झालर लावली तर ते शब्द स्वामींचे राहणार नाहीत, ही भीती त्या वाक्यांना आखूड ठेवते. पुढे धामधुमीत मूळ प्रत गेली, शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, आणि जिथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तिथे दोन्ही लिहून ठेवल्या. अमका असं सांगतो, तमका तसं. कोणाला खोटं पाडलं नाही. चिरनेरला हे चपखल बसतं. गोळी आधी कोणी झाडली, मामलेदार कसे पडले, हे इथे घरोघर वेगळं ऐकायला मिळतं आणि प्रत्येक घर शपथेवर सांगतं. पोवाडा अशा दहा घरांतल्या नऊ घरांना गप्प बसवणार. म्हणून मी नव्या बाईंना सांगितलं, पोवाडा नको, पोरांना उभं करू, प्रत्येकाने आपल्या घरी ऐकलेलं चार-पाच वाक्यांत सांगायचं, विसंगती दुरुस्त करायची नाही. त्यांचा चेहरा पडला. डफ आधीच आणून ठेवला होता ना त्यांनी! शेवटी डफ सुरुवातीला आणि शेवटी वाजवायचा, असं ठरलं.

तर आता तुझ्या दहा मिनिटांचं. मावशीशी बोलून ठरवलंय. सगळे विधी दहा मिनिटांत कोंबायचे नाहीत. फक्त तेलाचा धवला घ्यायचा, पण अख्खा, पुनरावृत्तीसकट, आणि तो चालू असताना खरोखर तेल लावायचं. नाच जरा उशिरा सुरू झाला तर ऑकलंड बुडत नाही. खुर्च्यांवरच्या कागदावर अर्थ छापू नकोस. त्या धवल्यात ज्यांची ज्यांची नावं येणार आहेत ती छाप, एकाखाली एक, ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने. पाहुणे आपलं नाव येण्याची वाट बघत ऐकतील, आपण पोरी ऐकायचो तसे.

त्यासाठी मला तुझ्याकडची आणि जावयाकडची सगळी नावं हवीत. आई, बाप, मामा, आत्या, जे कोण येणार असतील ते. आजीचं नाव चुकवू नकोस. आणि तुझ्या विहीणबाईंचं नाव तू मार्गारेट लिहिलंयस. मावशीने ते दोनदा म्हणून बघितलं, चालीत बसेना. तिने परस्पर ‘मारगीबाय’ केलंय आणि ते फक्कड बसतंय. त्यांना चालेल का, तेवढं विचारून कळव. दिवाळीआधी भाचा येणार आहे, तो फोनवर रेकॉर्ड करून देईल.

तुझी,
कुंदा